मास्तरांचा कान

कागदावर इतका राग असलेला माणूस आमच्या व्हायोलिनच्या मास्तरांखेरीज जगात दुसरा नसेल. जन्म करंज्याच्या कोळीवाड्यातला, तरुणपणी हळदी-लग्नांच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवलं, पुढे न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवण्यात उमर गेली, आणि आता नवीन पनवेलमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आमच्यासारख्या उशिरा शहाणपण सुचलेल्यांना दर रविवारी सोप्या चाली शिकवतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो तो नोटेशनची फाइल घेऊन, प्रत्येक पान प्लास्टिकमध्ये घातलेलं. मास्तरांनी फाइल हातात घेतली, दोन्ही बाजूंनी नीट पाहिली आणि तिच्यावर चहाची किटली ठेवली. चार वर्षं झाली, किटली तिथेच असते. प्लास्टिकमुळे टेबल खराब होत नाही, एवढंच त्या फाइलचं सार्थक.

चाल आधी तोंडात बसली पाहिजे, हे त्यांचं एकमेव शास्त्र. "जे तोंडात नाय, ते तारेवर कुठून येनार, सायेब?" पहिला महिनाभर त्यांनी मला गजाला हात लावू दिला नाही. आरती गुणगुणत दूध आणायचं, गुणगुणत दाढी करायची, गुणगुणत जिना चढायचा. मी जन्माचा आज्ञाधारक. लिफ्टमध्ये गुणगुणत होतो, तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पोटात दुखतंय का म्हणून विचारलं आणि संध्याकाळी ओवा पाठवून दिला. इडलीवाल्याचा भोंगा, कुणाच्या दाराची बेल, सगळाच मास्तरांचा अभ्यासक्रम. बाहेर एखादा ट्रेलर रिव्हर्सची धून वाजवत मागे येऊ लागला की शिकवणं थांबवून ते म्हणत, "उचला." मग आम्ही पाचही जण ती धून तारांवर शोधत बसायचो. बाकीच्या चौघांना ती पाच मिनिटांत सापडे. मला ट्रेलर उरणच्या फाट्याला लागल्यावर तिच्या आसपासचं काहीतरी सापडे. घरी सराव सुरू केला की ही स्वयंपाकघरातून म्हणे, यापेक्षा कुकर बरा, तो निदान एकाच सुरात ओरडतो.

कौतुक हा प्रकार मास्तरांच्या स्वभावातच नव्हता. फार प्रसन्न झाले तर "चालंल". त्यामुळे एका रविवारी माझं वाजवून झाल्यावर ते चक्क "बेस" म्हणाले, तेव्हा मी वाटेत पाव किलो पेढे घेऊन घरी आलो. हिने पेढा खाल्ला, पण विश्वास ठेवला नाही. पुढच्या रविवारी मी मधला सूर साफ चुकलो, इतका की माझं मलाच कळलं, आणि मास्तर पुन्हा "बेस" म्हणाले. त्याच वेळी बाहेर ट्रेलर मागे येत होता. मास्तरांनी "उचला" म्हटलं नाही. मला आधी पेढ्यांची लाज वाटली आणि मग मास्तरांच्या कानाची शंका आली.

बाकीचे गेल्यावर मी चपला घालत रेंगाळलो. ज्या माणसाचा सगळा संसार कानावर, त्याला ऐकू येतं का, हे कसं विचारायचं? शेवटी मास्तरच बोलले. वर्षभर कान उतरत चाललाय. यंत्र लावून पाहिलं, तर व्हायोलिन पत्र्यावर नख ओढल्यासारखं ऐकू येतं. मुलगा म्हणतो, क्लास बंद करा, लोकांना फसवू नका. मुलाचं खरं आहे, पण क्लास बंद केला तर जगायचं कशाला, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, दर रविवारी समोर बसाल का, म्हणजे कोण चुकलं ते त्यांना कळेल. मी म्हटलं, मास्तर, मला कशाला, वर्गात सगळ्यात वाईट मीच वाजवतो.

"ते खरं हाय," मास्तर म्हणाले. "पन कोन चुकला की तुमचं तोंड वाकडं होतं. तुमी सवता चुकलात की जाम वाकडं. चार वर्सं बघतोय. कान हाय तुमाला. हात नाय."

बँकेतल्या छत्तीस वर्षांत माझं इतकं अचूक मूल्यमापन कुणी केलं नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसतो. मास्तर माझ्या चेहऱ्याकडे बघून चुकणाऱ्याला बरोबर थांबवतात, आणि नवीन आलेले लोक आपसात म्हणतात की या वयात काय कान आहे. माझी पाळी आली की माझं तोंड पहिल्या सुरापासून वाकडंच असतं, तेव्हा ते डोळे मिटून घेतात.

वर्ग संपताना मास्तर स्वतः एक हळदीची चाल वाजवतात, लहानपणी आईच्या तोंडून उचललेली. परवा तिच्यात एक सूर खाली उतरला. वाजवता वाजवता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड अगदी सरळ ठेवलं. मास्तरांनी समाधानाने मान हलवली आणि चाल पुढे नेली. तेवढा एक चेहरा सांभाळताना मला जो त्रास झाला, तो व्हायोलिनने चार वर्षांत दिला नव्हता.