आठवी सवाष्ण

देवीवर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. सासूबाईंच्या मागे मार्गशीर्षातले गुरुवार मी चालू ठेवले होते, पण गेली दोनएक वर्षं मांडायची म्हणून पूजा मांडायची, हात जोडायचे आणि कामाला पळायचं, एवढंच उरलं होतं. कारण माझं कामच तसं आहे. परळमधल्या एका केंद्रात मी घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करते. त्यांचं ऐकून घ्यायचं, कागद करायचे, पोलीस ठाण्यात सोबत जायचं, निवारागृहात जागा मिळवून द्यायची. आमच्याकडे येणारी बाई बहुधा कुठल्या ना कुठल्या देवाची असतेच. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि त्याखाली काळानिळा डोळा. ते बघून बघून एकदा मी देव्हाऱ्यासमोर बोललेच, "बये, ह्या तुला रोज दिवा लावतात आणि तू गप्प बसतेस? कमाल आहे तुझी!" तेव्हापासून आमचा अबोला होता. म्हणजे माझ्या बाजूने होता, तिचं ती जाणे.

जिच्यामुळे तो सुटला तिला मी सुमन म्हणते. खरं नाव सांगायचं नसतं. घोडपदेवच्या एका चाळीत तिसऱ्या माळ्यावर ती राहायची. घरात नवरा, सासू, लग्नाची नणंद आणि चार वर्षांची मुलगी. नवऱ्याचा हात कशावरूनही उठायचा. डाळ पातळ झाली तरी, आणि नाही झाली तरी. ब्लाउज शिवायला टाकते असं सांगून ती आमच्याकडे यायची. निघायला तयार होती, पण अट एकच. "पोरीला घेतल्याशिवाय नाही हं, ताई. ती तिथे राहिली तर मी सुटून काय करू?" घरच्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून सुमन बाहेर निघाली की मुलीला घरात ठेवून घ्यायचे.

आमच्या कामात एक नियम आहे. बाईला फोन केला की केंद्राचं नाव काढायचं नाही. प्रत्येकीशी आधी एक निरोप ठरवलेला असतो. सुमनला मी म्हणायचं, "तुमचा ब्लाउज तयार आहे," आणि तिने विचारायचं, "अस्तर लावलंय ना?" अस्तराचं विचारलं तर समजायचं की तीच बोलतेय आणि जवळ कोणी नाही. नाही विचारलं तर फोन ठेवून द्यायचा. नव्याने येणाऱ्या मुलींना हे मीच शिकवते, चांगली मान ताठ करून.

आणि मार्गशीर्षाच्या शेवटच्या गुरुवारी मीच माती खाल्ली. दुपारी निवारागृहातून कळलं की मायलेकींसाठी खोली रिकामी झाली आहे. कित्येक आठवडे आम्ही तिची वाट बघत होतो. उपासाने डोकं ठणकत होतं, त्यात हा आनंद. फोन लावला, पलीकडून "हॅलो" आलं आणि मी सुरूच झाले, "सुमन, जागा झाली गं! उद्या सकाळी मुलीला घेऊन केंद्रात ये." तिकडून आवाज आला, "वहिनी आंघोळीला गेलीय. कसली जागा? कोण बोलतंय?" नणंद होती. मी घाबरून फोन ठेवला. पुन्हा लावला तेव्हा बंद.

केंद्राच्या मोठ्या बाईंना सांगितलं, त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. टॅक्सी करून मी पोलीस ठाण्यात गेले. महिला शिपाई बंदोबस्ताला गेल्या होत्या. तासाभरात पाठवतो, तोवर एकट्या वर जाऊ नका, असं तिथल्या साहेबांनी बजावलं, आणि ते खरंच होतं. मी दार वाजवलं असतं तर सगळा राग तिच्यावर निघाला असता. म्हणून मी चाळीच्या पटांगणात जाऊन उभी राहिले. वरून एक पुरुषी आवाज चढलेला ऐकू येत होता. मग तो थांबला, आणि मला त्या शांततेची जास्त भीती वाटली.

पटांगणात देवीची छोटी घुमटी आहे. तिच्यापुढे मी उभी होते ती नमस्कारासाठी नाही, तिथून वरच्या माळ्याचा जिना दिसत होता म्हणून. आणि इतक्या दिवसांनी मी बोलले. भांडले नाही. म्हटलं, चूक माझी आहे, तिला भोगायला लावू नकोस. मला आता काही सुचत नाही. तूच बघ. खरं सांगते, असं "तूच बघ" मी आयुष्यात मनापासून कधी म्हटलं नव्हतं. मला सगळं स्वतःच बघायची खोड.

"कोणाकडे इलंस गो?" मागून आवाज आला. सत्तरीच्या एक आजी, हातात हळदीकुंकवाचं ताट. कुणाचं नाव घ्यायची सोय नव्हती. "अशीच," म्हटलं. त्या म्हणाल्या, "माजी सवाशीण कमी पडता. सहा गावल्या, सातवी गावना नाय." शेवटच्या गुरुवारी सात सवाष्णी बोलावून हळदीकुंकू करायचं, फळ आणि पोथी द्यायची, ही आमच्या गिरणगावात घरोघरची रीत. मी म्हटलं, "मी सवाष्ण नाही, आजी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली."

"मगे ताट धर. हात तर आसत मा तुका?"

ताट माझ्या हातात देऊन त्या जिना चढू लागल्या. पहिला माळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर त्या सरळ सुमनच्या दारापाशी जाऊन थांबल्या. मी एक अक्षर बोलले नव्हते, देवीशपथ.

दार नवऱ्याने उघडलं. आजी म्हणाल्या, "सुमनला धाड रे. लक्ष्मीची सातवी सवाशीण." तो म्हणाला, "तिला बरं नाय." "बरा नाय तर माज्याकडे बसांदे. माका काय तिका नाचवूचा आसा?" मागे नणंद उभी होती. माझा आवाज तिने ओळखला असता, म्हणून मी ताटातल्या कुंकवाकडे बघत तोंड घट्ट मिटून घेतलं. तो दार लोटणार एवढ्यात आतून सासूचा आवाज आला, "अरे, गुरुवारचं बोलावणं परत पाठवतोस? घरावर कोप आणशील मेल्या! जाऊ दे तिला." तो बाजूला झाला. सुमन बाहेर आली. ओठ फुटलेला, पदर पुढे ओढलेला. मला बघून तिची पापणीही हलली नाही, शाबास तिची!

माझा जीव मात्र आत अडकला होता, मुलीपाशी. आजी वळल्या, दोन पावलं गेल्या, मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाल्या, "आणि गो, त्या चेडवाक पण घेऊन ये. कुमारिका व्हयी." सासूनेच मुलीचे केस नीट केले आणि तिला आमच्या हवाली केलं.

आजींच्या खोलीत कलशाला साडी नेसवून पूजा मांडली होती. त्यांनी दाराला आतून कडी घातली, सुमनला कुंकू लावलं, हातात फळ दिलं, आणि तेव्हा कुठे ती पोरीला कवटाळून रडली. मी ठाण्यात फोन करून ही खोली कळवली आणि थोड्याच वेळात दोन महिला शिपाई आल्या. नवऱ्याने जिन्यात आरडाओरडा केला, पण त्यांच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. मायलेकी त्याच संध्याकाळी निवारागृहात पोचल्या. आता त्या कुठे असतात ते सांगणार नाही. यावेळी तोंड सांभाळते आहे.

माझी चूक मी सुमनला दुसऱ्याच दिवशी सांगितली. वाटलं, शिव्या घालेल. ती म्हणाली, "ताई, आज सकाळी पोरीला घेऊन उंबरा ओलांडताच आला नसता मला. सासूबाईंनी स्वतः हातात दिली, तेव्हाच निघाली ना ती?" चूक ती चूकच, आणि त्या दिवसापासून अस्तराचं उत्तर ऐकल्याशिवाय मी श्वासही घेत नाही. पण जिथे माझी अक्कल संपली तिथे कोणीतरी ताट घेऊन उभं होतं, हेही तितकंच खरं. देवीपुढे आता मी रोज बसते. भांडते अजून, पण बोलून.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी सुमनला घेऊन आम्ही आजींच्या खोलीत शिरलो, तेव्हा भिंतीला टेकून बायका दूध पीत बसल्या होत्या. मी मोजल्या. सुमनला न धरताच सात होत्या. पुन्हा मोजल्या. सातच. मी आजींकडे बघितलं, तर त्या माझ्यापुढे पेला धरून म्हणाल्या, "मोजतंस काय गो? दूध घे. सकाळपासून उपाशी आसस."

तेव्हापासून शेवटच्या गुरुवारी मी आठ फळं मांडते. लेक विचारते, "आई, सात लागतात ना?" मी म्हणते, असू दे, एकजण अजून यायची आहे.