दार लावून भाजलेलं भरीत

"दार लाव रे भो! धूर बाहेर जास!"

वाचलंत नीट? चुलीशी बसलेली कुठलीही बाई धुरासाठी दार उघडायला सांगेल. आमची अक्का धूर बाहेर जातो म्हणून दार लावायला सांगायची, आणि वर आतून पत्र्याच्या भिंतीवर दोन थापा मारायची. जळगावातल्या आमच्या गल्लीत कुणी पाहुणा आला की मी त्याला मुद्दाम हे दाखवायला न्यायचो. तिकीट तेवढं लावायचं राहिलं.

अक्का मूळची दोंडाईच्याची. इथं जन्म गेला तरी बोली तिकडचीच. हिवाळ्यात ती भरिताच्या ऑर्डरी घ्यायची, त्यावरच तिचं घर चाले. असोद्याची हिरवी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, मग लाकडी बडगीत ठेचणं. वांगं हातात घेऊन ती असं निरखायची, की वाटावं आता नाडी बघून औषध लिहून देणार.

पूर्वी हे सगळं घरामागच्या मोकळ्या जागेत चाले. मग तिथं दोन मजली घर उभं राहिलं. त्या शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंचं बाळ जन्मापासून छातीनं नाजूक. सूनबाई भांडल्या नाहीत. बाळाला अक्काच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "अक्का, तुम्हीच ऐका."

अक्कानं त्याच्या छातीला कान लावला. दुसऱ्या दिवशी चूल मागच्या पत्र्याच्या खोलीत गेली आणि दार बंद झालं.

मग अक्का खोकू लागली. डॉक्टर म्हणाले, धूर बंद. आम्ही गल्लीकर मदतीला धावलो, म्हणजे बघा काय झालं असेल! मी एक्झॉस्ट पंखा आणला. नारळ फोडला, भाषण ठोकलं. पंख्यानं धूर इमानेइतबारे उचलला आणि थेट सूनबाईंच्या खिडकीत नेऊन सोडला. वरून बाळाचा खोकला ऐकू आला, तशी अक्कानं माझ्यादेखत पंख्याच्या भोकात जुनी गोधडी कोंबली.

"भाऊ, तुना पंखा भलता हुशार शे," ती म्हणाली. "त्यानी बरोबर घर धुंडं."

धुराडं उंच केलं; वारा फिरला की धूर पुन्हा तिथंच. गॅसवर भाजून पाहिलं. गिऱ्हाइकांनी एक घास खाल्ला, म्हणाले, "अक्का, ती चव नाही," आणि दुसरीकडे गेले. शेवटी अक्का नाकाला पदर बांधून पुन्हा आत बसू लागली. गिऱ्हाइकं परतली. बाहेर आम्ही डबे घेऊन उभे. आतून बडगीतले ठोके, मध्येच खोकला, मग पुन्हा ठोके.

यंदा सुरतेला नोकरी करणाऱ्या मुलानं तिला नेलं. आता नाकाला ऑक्सिजनची नळी असते. परवा फोनवर मी नेहमीसारखा रंगात आलो. गल्लीतली भांडणं, सगळ्यांच्या आवाजात. पलीकडून नुसता श्वास. मग मोठ्या कष्टानं,

"पोऱ्या... खोकस का अजून?"

"नाही अक्का. सूनबाईंचा पोरगा आता गल्लीभर पळतो. कालच माझा चष्मा पळवला."

"मंग बरं शे."

मी माझीच नक्कल करून दाखवली, चष्म्याशिवाय त्याच्यामागे धावणारा मी. तिला हसू फुटलं. हसता हसता दम लागला, आणि तो थांबेना. मुलानं फोन घेतला.

"काका," तो हळूच म्हणाला, "तिला हसवू नका हो."