आधी भात, मग बर्फ

एप्रिलातल्या त्या सकाळी, डोंगरावरच्या देवीला निघायचं सोडून मी तांदूळ निवडत बसलो होतो. मनालीच्या पुढचं एक गाव, लॉजचं अंगण, आणि बोटं बधिर. आम्ही चंद्रपूरकडच्या मूल गावचे आठ जण. सहल भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं जुळवली होती. चंद्रपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे रात्रभर बस, आणि सोबत घरचा तांदूळ. पराठ्याला भाऊजी जेवण मानत नाहीत.

लॉजवाल्यानं बजावलं होतं, पहाटे चारला निघा, दहाच्या आत खाली या. रात्री गोठलेला बर्फ सकाळी टणक असतो. ऊन चढलं की पाणी मुरतं आणि अख्खा थर उतारावरून सुटतो. वाटेच्या तोंडाशी हिमस्खलनाच्या इशाऱ्याचा फलकही होता. भाऊजींनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला.

"पोटात भात नाई तं पाय कसे चालतीन?" हा त्यांचा सिद्धांत. त्या उंचीवर गंजातला, म्हणजे पातेल्यातला, भात शिजता शिजेना. निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. दर्शन करून उतरणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "अभी जा रहे हो?"

"हम चंद्रपूरवाले है बहनजी. धूप को हम डरते क्या?" भाऊजी म्हणाले.

खरा उतार आला तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागले, जणू रोवणीसाठी चिखल केलेली भाताची बांधीच. खालून पाण्याची खळखळ येत होती. धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, फुटायच्या आधी आतून असंच पाणी वाजतं. मी थांबलो.

"भेला काय रे? देवी वर वाट पाहून राह्यली."

"देवीले इथूनबी दिसते, भाऊजी. मी नाई येत."

मी तिथूनच हात जोडले. बहीण म्हणाली, "मीबी नाई येत. तुमाले जाचं तं जा एकटे." एकटं जाणं भाऊजींना जमत नाही, फोटो कोण काढणार?

सगळेच मागे फिरलो. खाली चहाच्या टपरीशी पोचलो आणि वर गडगडाट झाला. पाहिलं तर आमची वाट नव्हतीच. पांढरा ढिगारा, त्यात मोडलेले देवदार. कप रिकामा करून भाऊजी म्हणाले, "पाहा, भातानं वाचवलं. लवकर निघालो असतो तं गेलो असतो."

लवकर निघालो असतो तर एव्हाना दर्शन घेऊन लॉजवर लोळत असतो, हे मी गिळलं. तुम्ही जाणार असाल तर पराठे रात्रीच बांधून घ्या.

मूलला आल्यावर भाताची ती कथा रोज फुगत गेली. आता भाऊजी पुढच्या एप्रिलसाठी चार घरं जमवताहेत. कार्यक्रम तोच, जेवून निघायचं. बहिणीच्या घराशी संबंध तुटेल म्हणून मी महिनाभर गप्प होतो. देवापुढे बसलो की मात्र बर्फाखालची ती खळखळ ऐकू यायची.

काल चारही घरी जाऊन जे घडलं ते सांगितलं. आणि तिथून थेट भाऊजींकडे गेलो, हे मीच सांगून आलोय असं त्यांना तोंडावर सांगायला.