धरायला मूठ नसलेली ट्रॉली

आमच्या घरात काही ओढायचं नाही, असा माझ्या सासऱ्यांचा नियम होता. खुर्ची हलवायची तर उचलून. पलंगाखालची लोखंडी पेटी काढायची तर दोघांनी दोन कड्या धरून. लग्नानंतर लगेच एकदा मी पाण्याचा पिंप फरशीवरून सरकवला, तर ते ओट्यावरून ओरडले, "उचल गं! ओढतीस कशाला?" मला वाटलं, फरशीवर ओरखडे पडतात म्हणून असेल. फरशी शहाबादी होती आणि ओरखडे आधीचेच होते, पण नवी सून होते, पिंप उचलला.

कारण नवऱ्यानं सांगितलं. वणीच्या बाजूला त्यांचं गाव. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून न्यायचं काम तिथं आमच्या वस्तीकडं. बौद्ध झाल्यावर वस्तीतल्या माणसांनी बसून ठरवलं की आता ओढायचं नाही. मग गावानं दुकान बंद केलं, शेतावरची बोलावणी बंद केली. सासरे बायकोमुलाला घेऊन नाशकात आले, पोती वाहिली, पुढं एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. पोती वाहिली ती डोक्यावर. हातगाडीला कधी हात लावला नाही. "डोक्यावरचं वझं माणूस वाहतो," ते म्हणायचे. "ओढायचं काम बैलाचं."

मी शहरात वाढलेली, कारकुनाची मुलगी. हे सगळं मला ऐकून माहीत होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही सातपूरला कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई नव्हत्या. नवरा शाळेत शिकवायचा आणि मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्यांनी पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायच्या, एवढंच काम. स्वतःचं काही काढायची वेळ येत नसे.

ती वेळ दळणामुळं आली. सासऱ्यांची मान दुखायला लागली होती. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून सांगितलं, आणि ते दवाखान्यातून सरळ घरी येऊन गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत गेले. दळण, रॉकेलचा डबा, पिंजाऱ्याकडं न्यायची गादी, उन्हाळ्यातले वर्षाचे गहू, सगळं त्यांच्या डोक्यावरून. मी सायकलच्या कॅरियरवर बांधून पाहिलं. स्टँड लावला की सायकल आडवी व्हायची. हातगाडीवाल्याला बोलवू म्हटलं तर ते म्हणाले, "दुसऱ्या माणसाला ओढाय लावायचं आन् आपण भाकरी खायची?"

म्हणून मी सायकलला मागं जोडायची ट्रॉली काढायला घेतली. अटी मीच घातल्या. एका हातानं उचलता यावी इतकी हलकी हवी. काम झालं की घडी होऊन भिंतीवरच्या खुंटीला टांगता यावी, कारण घरात ठेवायला जागा नव्हती. आणि तिला हातानं धरायला मूठ नको. जोडायचा दांडा सायकलच्या सीटखालच्या नळीलाच अडकेल, दुसऱ्या कशाला नाही. सायकल सोडली तर ती कुणाला ओढताच येऊ नये, असा माझा बेत होता.

चौकट विजेच्या वायरिंगच्या पातळ पाइपची केली. चाकं लहान मुलांच्या सायकलची, भंगारातून आणलेली. सायकलचा आस एका बाजूनंच धरला तर वाकतो, म्हणून प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी पट्टी दिली. तळाला पत्रा घातला असता तर वजन वाढलं असतं. तिथं मी खाटेसारखी नवार विणायची ठरवली. गेट आणि खिडक्या करणाऱ्या वेल्डरनं कागद उलटा-सुलटा करून विचारलं, "बाई, हा पाळणा हाय का?"

"पाळणाच आहे," मी म्हटलं. "गव्हाचा."

चौकट घरी आली तेव्हा सासऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. खाली वाकून पाहिलं.

"ह्याला माणसानं धरून ओढायची सोय कुठं हाय?"

"नाही. ठेवलीच नाही."

त्यांनी उकिडवं बसून चौकटीची रुंदी वितीनं मोजली. मग म्हणाले, "नवार आण. मी इनतो. तुला ताण द्यायला जमायचं नाय."

त्यांनी ती अशी ताठ विणली की बोट मारलं तर टणकन वाजायची.

पहिली लाज मी त्रिंबक नाक्यावर कमावली. पंचवटीतून गव्हाचं पोतं घेऊन येत होते. चौकट मधोमध दुमडायची, आणि बिजागऱ्या मी वरच्या बाजूला लावल्या होत्या. कागदावर त्या वर छान दिसत होत्या. पोत्याचं वजन आणि रस्त्यातला खड्डा एकदम आले, सांधा खालून उघडला आणि ट्रॉली पुस्तकासारखी मिटली, मध्ये पोतं. पोतं फाटलं. बघता बघता दोन शेळ्या आल्या आणि माणसं तर त्यांच्याआधीच आली होती.

"ताई, ट्रक युनियनमध्ये नाव घाला की!" एक रिक्षावाला ओरडला.

"अरे, मशीन आहे ते. आपोआप पोती फोडतं," दुसरा म्हणाला.

मी रस्त्यावर बसून ओंजळीनं गहू भरत होते. ऑफिसातले दोघे स्कूटरवरून गेले आणि त्यांनी मला ओळखलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी मूठभर गहू ठेवले होते. मी ते डब्यात टाकून घरी नेले, वाया कशाला घालवायचे. पण कान दिवसभर गरम होते. बिजागरी कुठल्या बाजूला येते हे मी दिवसातून कितीदा शाईनं काढत होते, आणि स्वतःच्या वस्तूत चुकले. बिजागऱ्या खाली घेतल्या. मग वजन आलं की सांधा आणखी घट्ट बसायला लागला.

त्यानंतर ट्रॉली चालली. पहिल्या दळणाला सासरे माझ्याबरोबर आले. मी सायकलवर, गहू मागं ट्रॉलीत, आणि ते बाजूनं हात मोकळे सोडून चालत. रिकाम्या हातानं गिरणीत जायची त्यांना सवय नव्हती. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागं बांधले. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "सुनंनं केलीय. घडी होती हिची. भिंतीला टांगायची." मला सायकलवरून उतरून घडी करून दाखवावी लागायची, गहू खाली ठेवून. मला त्याचीही लाज वाटायची, पण बरी वाटणारी.

मग गल्ली मागायला लागली. गादी, गॅसचा सिलिंडर, लग्नाची भांडी. आमची ओळ मिश्र होती. आमच्यासारखी दोन-तीन घरं, बाकीची इतर. चहापाणी सगळ्यांशी होतं. देण्याआधी मी प्रत्येकाला एकच विचारायची, वजन किती. त्याची गल्लीत थट्टा व्हायची. कोपऱ्यावरच्या घरातले भाऊजी, एका कारखान्यात फिटर होते, ते तर रोज जाता-येता विचारायचे, "वहिनी, आज माझं वजन वाढलंय, घेता का ट्रॉलीत?" हसतमुख माणूस. त्यांच्या मुलीच्या बारशाचा पाळणा आमच्याच ट्रॉलीतून आला होता.

तेच एका रविवारी सकाळी आले. बरोबर ओळीतले आणखी दोघं. सासरे ओट्यावर बसून गहू निवडत होते, मी दारात धुणं पिळत होते.

"वहिनी, ट्रॉली लागत होती जरा."

"कशाला?"

"मागच्या मैदानात वासरू मरून पडलंय. कुणाचं आहे पत्ता नाही. ऊन तापलं की वास सुटेल. नगरपालिकेत माणूस पाठवला होता, पण तिथं आज कुणी नाही."

"वजन किती असेल?" मी विचारलं.

दुसरे दोघं हसले. भाऊजीही हसले. "लहान आहे हो. चौघं उचलतील."

"मग पेलेल. खाली ताडपत्री टाका. नवारीला वास लागला तर जात नाही."

"टाकतो, टाकतो. आणि तेवढं बाबांना म्हणावं, जरा चला."

"बाबा कशाला?"

"नाही, म्हणजे," ते अगदी साधेपणानं म्हणाले, "बांधायचं कसं, न्यायचं कसं, आम्हाला काय माहीत? आम्ही कधी हात लावलाय? बाबांना गावाकडची सवय असेल ना. जाणते आहेत."

शिवी दिली असती तर मला उत्तर सुचलं असतं. पण त्या आवाजात आदर होता. नळ बिघडला की नळवाल्याला बोलवावं तसं ते बोलवायला आले होते. या ओळीत आम्ही इतकी वर्षं राहिलो, आणि कुठलं काम कुणाचं हे त्यांना न विचारता पाठ होतं. मी मागं वळून पाहिलं नाही. सुपाचा आवाज थांबला होता तेवढं ऐकलं.

"ट्रॉली मिळणार नाही," मी म्हटलं.

"अहो, आत्ता तर हो म्हणालात!"

"आत्ता म्हटलं होतं. आता नाही म्हणते."

"एवढं काय झालं त्यात?" मागचा एक जण पुटपुटला. "चांगुलपणानं बोलावलं तर..."

"दे त्यांना," सासरे म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. अंगात बंडी होती. त्यांनी आत जाऊन सदरा घातला, वरपर्यंत गुंड्या लावल्या आणि मगच परत बाहेर आले. ट्रॉली स्वतः खुंटीवरून काढली, उघडली, मधली खीळ बसवली आणि उचलून ओट्याखाली ठेवली.

"वास सगळ्या गल्लीला येनार. वासराचा काय दोष," ते भाऊजींना म्हणाले. "गाडी न्या. मी नाय येनार."

"बाबा, तसं नव्हतं हो मनात..."

"नसंल. गाडी न्या."

तिला धरायला मूठ नव्हती. सायकल आणायचं त्यांना सुचलं नाही. तिघंही आधी इकडून तिकडून धरून पाहत होते, आणि शेवटी दांड्याला दोर बांधून भाऊजींनीच ती ओढत नेली. सासरे ते पाहायला थांबले नाहीत. गहू निवडायला बसले होते, पण निवडलेले आणि न निवडलेले एकत्र झाले होते. ते सूप मी सांजेला पुन्हा निवडलं.

दुपारी ट्रॉली परत आली. धुतलेली होती. एरवी ती दारात आणून द्यायचे आणि चहा पिऊन जायचे. त्या दिवशी फाटकाबाहेर ठेवून गेले, हाकसुद्धा मारली नाही. आणि त्यानंतर ओळीतल्या कुणीही ती मागितली नाही. गादी नाही, सिलिंडर नाही. वासरू त्यांनी घातलं, त्यांनीच ओढलं, आणि विटाळ मात्र आमच्या खुंटीला टांगला. कोपऱ्यावरच्या वहिनींनी तर मला तोंडावर सांगितलं, "राग मानू नका हं, पण त्यात आता अन्नाचं काही ठेववत नाही." मी मान हलवली. मान हलवल्याचा मला नंतर संताप आला, पण तेव्हा हललीच.

मी जुनी नवार काढून फेकली आणि नवी आणली. सासऱ्यांसमोर ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि चष्मा पुसत बसले. मग मीच विणली. ढिली झाली, मध्ये पोटासारखी लोंबायची.

पुढच्या दळणाला त्यांनी गव्हाचा डबा डोक्यावर घेतला. फडक्याची चुंबळ केली, डबा वर ठेवला आणि निघाले. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो वर्तमानपत्रात होता. मी ट्रॉली काढली, सायकलला जोडली आणि त्यांच्यामागून निघाले. ते पुढं ओझं घेऊन, मी मागं रिकाम्या ट्रॉलीसह. ओट्यांवर माणसं होती. कुणी थट्टा केली नाही. थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

गिरणीत पीठ गरम निघालं. डबा हाताला चटका देत होता.

"बाबा, मान बघा तुमची. येताना तरी ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी डब्याला हात लावून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. वाद घालणार असं वाटलं. पण ते म्हणाले, "तू घिऊन ये. मी पुढं व्हतो."

डबा मी ट्रॉलीत ठेवला, दोरीनं आवळला. तोवर ते बरेच पुढं गेले होते. हात पाठीमागं बांधलेले नव्हते. भरभर चालत होते, मान दुखणाऱ्या म्हाताऱ्यानं चालू नये इतक्या भरभर, ट्रॉलीच्या शेजारी कुणाला दिसायला नको म्हणून. मी सायकलवर बसले आणि दोन पेडल मारले. आणखी चार मारले असते तर मी त्यांच्या पुढं गेले असते, आणि मग सगळ्या ओळीसमोर ते ट्रॉलीच्या मागून चालत आले असते.

मी उतरले. हँडल धरून पायी निघाले. चढ होता आणि डबा जड होता. सायकल हातात धरल्यावर ट्रॉलीचं सगळं वजन दंडात येतं, हे मी आकृती काढताना धरलंच नव्हतं. पुढं ते फाटकाशी वळले आणि वळताना त्यांनी एकदाच मागं पाहिलं. मी गाडी ओढत येताना त्यांना दिसले.

त्यांनी फाटक उघडं ठेवलं आणि आत गेले.