सडा कुणाचा

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या मथुरा भुवडला लोक सालस म्हणत, आणि ती होतीही. शेजारणीची नवी साडी, मैत्रिणीचं मनगटी घड्याळ, कुणाचं मुंबईत जमलेलं लग्न, यांतल्या कशानंही तिच्या पोटात कधी दुखलं नाही. तिचं पोट दुखायचं ते फक्त गणितात. पहिलीपासून गणिताचा पहिला नंबर तिचा, आणि घरामागची विहीर आपली असावी तसा तो तिला आपला वाटायचा.

१९८४ साली ती एस.वाय. बी.एस्सी.ला गेली आणि त्या विहिरीवर दुसरी घागर आली. नाटे गावची सुरय्या होडेकर. वडील बोटीवर, पोरगी भाट्याला मावशीकडे राहून शिकणारी. एफ.वाय.ला ती दुसऱ्या तुकडीत होती म्हणून मथुरा वर्षभर सुखात होती, एवढंच.

कॅल्क्युलस शेवडे सर शिकवत. ते फळा भरून काढत आणि मथुरा मान वर न करता अक्षर न् अक्षर उतरवून घेई. सुरय्या पेन दातांत धरून नुसती बघत बसायची, आणि सरांचं गणित अर्ध्यावर असतानाच उत्तर सांगून मोकळी व्हायची. मथुराचा तिळपापड व्हायचा. पहाटे उठून घासावं आपण, आणि नुसतं बघणारीला यावं, हा कुठला न्याय? पहिल्या चाचणीत सुरय्याला पन्नासपैकी सेहेचाळीस पडले, मथुराला अडतीस. सरांनी सुरय्याची पाठ थोपटली. मथुराला म्हणाले, "भुवड, अक्षर छान आहे हो." हे ऐकून तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो सरांचा नाही, सुरय्याचा.

त्यातच सरांनी जाहीर केलं, की दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गणिताचा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार आहे आणि कॉलेजातून एकच नाव पाठवायचंय. सहामाहीत जो पहिला, त्याचं. मथुराला ते नाव हवं होतं. मुंबई बघायला नव्हे. तिचे वडील तिथंच होते, त्यांच्या खोलीचं वर्णन ऐकून तिला मुंबईचा पुरेसा कंटाळा आला होता. सरांनी आपल्याला निवडावं, एवढंच तिला हवं होतं.

परीक्षेला तीन आठवडे असताना सुरय्याचे वडील बोटीवरून आले आणि ती चार दिवस नाट्याला गेली. नेमका तेव्हा सरांनी 'सॅडल पॉइंट' शिकवला. सरांचं इंग्रजी पुण्याचं, घाईचं. मथुराच्या कानांवर आलं ते 'सडल'. घोड्याचं खोगीर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि सडा तर दाराशीच होता. जांभ्या दगडाचा उघडा माळ, सपाट, उन्हात तापणारा. सर सांगत होते की इथं एक्सच्या दिशेनं चढउतार शून्य, वायच्या दिशेनंही शून्य, हे शिखर नाही आणि खड्डाही नाही. मग सड्याशिवाय दुसरं असणार काय? तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: सडल पॉइंट म्हणजे पृष्ठभागावरचा सडा, चहूकडे सपाट.

सुरय्या परतल्यावर वही मागायला आली. मथुरानं दिली, आणि दोन दिवसांत उतरवून घेऊन तिनं ती परतही केली. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

पेपर मंगळवारी होता. आदल्या शनिवारी मथुरा ग्रंथालयात जाडं इंग्रजी पुस्तक चाळत बसली होती. एका पानावर घोड्याच्या खोगिराचं चित्र होतं. पुढेमागे चढलेलं, दोन्ही बाजूंना उतरलेलं, आणि मधोमध एक ठिपका. खाली लिहिलं होतं सॅडल पॉइंट. मथुराचे कान तापले. घरी जाऊन तिनं वहीतली ओळ खोडली आणि बरोबर ती लिहिली.

सोमवारी सुरय्या भेटली. "मथुरा गो, तुझा सडा झकास हाय. सगळ्या पुस्तकांपेक्षा बरा समजला."

एक वाक्य बोलायचं होतं, आणि बोलायला सबंध दुपार होती. मथुरा म्हणाली, "हो का?" सुंठीवाचून खोकला जातोय तर आपण मध्ये का बोलावं, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते तिला पटलंही.

प्रश्न आला, चार मार्कांचा. निकाल लागला: भुवड त्रेचाळीस, होडेकर एक्केचाळीस.

सरांनी पेपर वाटताना सुरय्याचं उत्तर वर्गाला वाचून दाखवलं. "सड्यासारखा चहूकडे सपाट. शाबास होडेकर, रत्नागिरीचं नाव काढलंस." वर्ग हसला. मथुरा खाली बघत होती. आता ही माझ्या वहीचं नाव घेणार, असं तिला वाटलं. पण सुरय्याही हसली, मनापासून हसली, आणि मग तिचं हसू मध्येच थांबलं.

"सर, पण खरंच सडा असला तर?"

"म्हणजे?"

"चहूकडे सपाट असला तर दुसऱ्यांदा डेरिव्हेटिव्ह काढून येणारे आर, एस, टी तिन्ही शून्य. मग शिखर, खड्डा की खोगीर, हे आपलं आर-टी वजा एस वर्गाचं सूत्र कसं सांगणार?"

सरांनी हातातले पेपर टेबलावर ठेवले. बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणाले. खडू घेतला, एक्सचा चौथा घात अधिक वायचा चौथा घात लिहिलं, खाली तेच वजा करून लिहिलं. दोन्हीकडे तिन्ही शून्य, आणि तरी एकीकडे खड्डा, दुसरीकडे खोगीर. शून्य आलं की आपलं सूत्र मुकं होतं, पुढं आपण शोधायचं, असं ते सांगत होते आणि फक्त सुरय्याकडे बघून सांगत होते. तास संपल्यावर त्यांना आठवण झाली. "मुंबईला नाव भुवडचंच जाईल. शब्द दिलाय मी."

शब्द दिलाय. मथुराच्या अंगाची लाही झाली. सडा तिचा होता. तिच्या कानानं ऐकलेला, तिच्या हातानं लिहिलेला. तो तिनं गुपचूप खोडून टाकला, आणि ज्या चुकीला ती लाजली तिच्यातून या पोरीनं सगळ्या वर्गासमोर मोती काढला.

व्हरांड्यात सुरय्या मागून आली. "मथुरा, सरांना सांगू काय, सडा तुझ्या वहीतला म्हणून? उगाच माझं कौतुक झालं. तुला पेपरात ऐनवेळी बरोबर ते सुचलं असेल, पण सडा तुझाच ना गो."

सांग, असं मथुराच्या अगदी ओठांवर आलं. पण सर लगेच विचारणार, मग खोगीर तुला कधी कळलं? आणि सुरय्या तिथंच उभी असणार.

"नको," मथुरा म्हणाली. "माझा नाय तो."