अप्पांना विचारलेला प्रश्न

कमलनगरजवळच्या आमच्या गावाहून वडिलांना, म्हणजे अप्पांना, जीपने इस्पितळात आणले तेव्हा उजाडत होते. हृदय थकल्याने छातीत पाणी साठले होते. वय ऐंशीच्या पुढे. इंजेक्शन आणि ऑक्सिजन मिळाल्यावर ऊन वर येईपर्यंत त्यांना शब्द फुटू लागले, आणि पहिली तक्रार त्यांनी जीपच्या ड्रायव्हरची केली. तो खड्डे शोधून शोधून त्यात गाडी घालतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

तातडीच्या विभागातली सिस्टर ठाणाकुशनूरकडची. डॉक्टरांशी कन्नडमध्ये बोले, आमच्याशी मराठीत. तिने अप्पांजवळ स्टूल ओढले आणि विचारले, की असाच दम पुन्हा लागला आणि औषधाने भागले नाही, तर घशात नळी घालून मशीनवर ठेवायचे का, त्यासाठी हैदराबादला न्यायचे का, की इथेच त्रास कमी करत राहायचे. म्हातारे रुग्ण जरा सावरले की ती हे विचारते. बोलता येत असतानाच विचारावे लागते, असे तिचे म्हणणे.

अप्पांनी तोंड उघडण्याआधी माझ्या थोरल्या भावाने तिला व्हरांड्यात नेले. आमच्या भागात आजाऱ्यासमोर मरणाचा विषय काढत नाहीत. अप्पांना गॅस झाला आहे, असे आम्ही सकाळपासून सांगत होतो. भाऊ म्हणाला, काय ते मला विचारा. गाडी सांगितली आहे, दुपारी हैदराबादला निघतो. सिस्टर आवाज न चढवता म्हणाली, की न्यायला हरकत नाही, पण नळी त्यांच्या घशात जाणार आहे, त्यांना एकदा बोलू द्या. भावाने मान हलवली, ती नकाराची होती, आणि तो पुन्हा फोनवर पुढच्या तयारीला लागला.

आडवे झाले की दम कोंडत असल्याने सिस्टरने अप्पांना पाठीशी उशा देऊन भिंतीला टेकवून बसवले. पाय खाली सोडा म्हटले तरी त्यांनी सवयीने मांडी घातली. वहिनीने रोजच्यासारखी कपाळाला विभूती लावली. बिनमिठाची आंबील पाजण्यापुरता मास्क काढला होता. चार घोट घेऊन अप्पांनी डोळे मिटले.

नेमकी तेव्हाच औरादहून आत्या आली. ती अप्पांची थोरली बहीण. तिला फोनवर 'सिरियस आहेत' एवढेच कळवले होते. आमच्याकडे गेलेल्या माणसालाही फोनवर सिरियसच म्हणतात, म्हणजे येणाऱ्याला वाटेत धक्का बसत नाही. शिवाय आमच्या समाजात गेलेल्या माणसाला मांडी घालून, भिंतीला टेकवून, विभूती लावून बसवतात आणि बसलेलेच पुरतात. आत्याने दारातून अप्पांना तसे बसलेले पाहिले आणि तिथेच बसकण मारून सूर लावला. लहान असून रांग मोडून पुढे गेलास, मला एक शब्द बोलला नाहीस, असा त्या रडण्याचा आशय होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईने डोळ्याला पदर लावला.

अप्पांनी डोळे उघडले.

"अक्का, कामून रडायलीस? आंबील तर पिऊ दे."

आत्या थांबली. मग ती ओशाळण्याऐवजी रागावली. "मग असं बसलास कामून? कुणालाबी तसंच वाटंल की."

आधी शेजारची बाई हसली, मग सगळा वॉर्ड. अप्पाही हसले, त्यांना खोकला आला, आणि सिस्टरने मास्क चढवून सगळ्यांना दटावले. भाऊ फोन हातात घेऊन आत धावत आला होता. गॅसची गोष्ट आता कोणी सांगणे शक्य नव्हते.

धाप ओसरल्यावर अप्पांनी मास्क स्वतःच बाजूला केला. सिस्टरचा प्रश्न त्यांनी नीट ऐकला होता. इंजेक्शन चालेल, ऑक्सिजन चालेल, म्हणाले. हैदराबाद नको. नळी घातली की बोलता येते का, एवढे त्यांनी तिला विचारले. येत नाही, ती म्हणाली.

"मग नळी न्हाई. आत्ता अक्का रडली, मी तिला उत्तर दिलं. नळी असती तर नुस्ता ऐकत पडलो असतो."

भावाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "लोक म्हणतील, पोरांनी बापाला नेलं न्हाई."

"लोकांला मी बघते," आत्या म्हणाली. औरादच्या बाजारात तिच्याशी वाद घालायला कोणी धजत नाही, हे भावाला ठाऊक होते.

सिस्टरने डॉक्टरांना बोलावले. त्यांनी अप्पांना तेच पुन्हा विचारले, तेच उत्तर मिळाले, आणि ते केसपेपरवर लिहिले गेले. मन बदलले तर कधीही सांगा, असे सिस्टरने दोनदा बजावले. दुपारी गाडी आली तेव्हा भावाने बाहेर जाऊन ड्रायव्हरला चहा पाजला आणि परत पाठवले.

तो आत आला तेव्हा स्टूल रिकामे होते. सकाळपासून त्याचा बहुतेक वेळ व्हरांड्यात फोनवरच गेला होता. आता पहिल्यांदाच अप्पांजवळ बसला. अप्पांनी तुरीच्या रानात पाणी कुणी सोडले ते विचारले. भाऊ म्हणाला, कुणीच नाही, सगळे इथे आहेत. त्यावर अप्पांनी त्याला शिव्या दिल्या, आणि तो त्या मान खाली घालून ऐकत राहिला.