पिवळ्या खोलीतली संस्था

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत माझ्या कारपूलच्या मित्राइतका पाहुणा म्हणून नकोसा आणि अडचणीत हवासा वाटणारा माणूस दुसरा नव्हता. मूळचा नागपूरचा. आवाज असा की हायवेवर काचा बंद असतानाही शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघायची. कुणाच्याही घरी गेला की आधी स्वयंपाकघरात शिरून गळका नळ शोधायचा आणि यजमानाला कच्छच्या रणातल्या आटलेल्या विहिरींची गोष्ट ऐकवायचा. एकदा आमच्याकडे माझे सासरे शॉवर घेत होते, तर ह्यानं बाथरूमचं दार ठोठावलं. "काका, पुरे ना आता! तेवढ्या पाण्यात तिथे अख्खी शाळा आंघोळ करते!" सासरे साबणासकट बाहेर आले. पुढे भारतातून यायचे झाले की ते फोनवर आधी विचारायचे, "तो अजून तिथेच आहे का?"

हे वेड त्याला कच्छनं लावलं. २००१ च्या जानेवारीत तिथे भूकंप झाला आणि हा सुट्टी टाकून रणाच्या काठावरच्या एका छावणीत तंबू ठोकायला, भांडी घासायला गेला. तिथे आईबाप गेलेली पाच-सहा वर्षांची एक मुलगी त्याचं बोट धरून हिंडायला लागली. परतला तो तिचंच नाव घेत. त्याला आणि वहिनींना मूल नव्हतं, ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं. दोघांनी तिला दत्तक घ्यायचं ठरवलं. कागदपत्रं सुरू झाली, वहिनींनी मागची खोली स्वतःच्या हातानं पिवळी रंगवली. हा किराणा दुकानातल्या गुजराती काकांकडून गुजराती शिकू लागला. त्याचं नागपुरी वळणाचं गुजराती ऐकून ते बिचारे इंग्रजीत उत्तर द्यायचे.

शेवटी तिला आणायला तो गेला. परतायच्या दिवशी मी गाडी घेऊन न्यूअर्क विमानतळावर उभा होतो. तो एकटाच बाहेर आला. हातावर लहानसा लाल कोट.

"मामा निघाला यार तिचा," गाडीत बसल्यावर म्हणाला. "लांब कुठे मिठागरात कामाला होता. वर्षभर हिला शोधत फिरत होता."

"मामाच आहे ना पण? नीट चौकशी केलीस?"

"त्याला बघितल्याबरोबर माझं बोट सोडून धावत सुटली ती. आता कसली चौकशी करू, सांग."

त्यानंतर बरेच दिवस पिवळ्या खोलीचं दार बंद असायचं. मग एका रविवारी वहिनींनीच आम्हा चार-पाच जणांना पोह्यांना बोलावलं आणि त्या खोलीत सतरंजी टाकून बसवलं. "तिला मामा मिळाला," त्या म्हणाल्या. "छावणीतल्या बाकीच्या मुलांना कुणी नाही."

अशी संस्था निघाली. पहिली मीटिंग संस्थेच्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी यावरच संपली. दुसरीला निम्मे लोक आलेच नाहीत. पण मित्रानं पिच्छा सोडला नाही. गणपतीच्या कार्यक्रमात आरती आणि बटाटेवडे यांच्यामध्ये तो माइक पकडायचा. वडे गार व्हायचे, मुलं "मॉम, व्हेन विल ही स्टॉप?" म्हणत रडकुंडीला यायची. लोक वैतागायचे, आणि वैतागून का होईना मदत करायचे. त्या वैतागावरच काही वर्षांत रणाच्या काठी एक छोटंसं वसतिगृह उभं राहिलं.

उद्घाटनाला तो एकटाच गेला. वहिनी येत नाही म्हणाल्या आणि कारण विचारायचा धीर आम्हाला झाला नाही. तो परतल्यावर मी त्याच्या घरी गेलो. मुलं, खोल्या, पाण्याची टाकी, सगळं हात हलवून हलवून सांगून झालं. मग म्हणाला, "ती आली होती. मामाबरोबर."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "ओळखलं तिनं?"

"नाही. अंकल म्हणाली, पाया पडली. मामा सांगायला लागला होता, मीच थांबवलं त्याला."

"का?" मी विचारलं.

"हसत होती रे ती. छावणीची आठवण कशाला द्यायची?"



"दिसते कशी आता?" वहिनींनी विचारलं.

त्यानं बराच विचार केला. "मामावर गेलीये," म्हणाला. "अगदी मामावर."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी येऊन बसल्या.